बंदूक पुसणाऱ्यांचा इतिहास

खंडेनवमी जवळ आली की पैठण परिसरातील काही जुन्या वाड्यांत भिंतीवरची शस्त्रे खाली उतरतात. तलवार असते, कट्यार असते, क्वचित एखादी लांब नळीची तोड्याची बंदूकही असते. चिंच, चुलीतली राख, विटेची भुकटी आणि अलीकडे घासकागद, अशा साहित्यानिशी घरातली तरुण मंडळी त्या लोखंडावर तुटून पडतात. संध्याकाळपर्यंत नळी चांदीसारखी लखलखू लागते. दुसऱ्या दिवशी तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि पणजोबांच्या पराक्रमाची गोष्ट नव्या पिढीच्या कानी पडते. या साऱ्यात भाव निर्मळ असतो. मात्र त्या एका दुपारी पणजोबांच्या बंदुकीवरून जे खरवडले जाते, ते पुन्हा कोणालाही परत आणता येत नाही.

हा धागा त्या खरवडण्याविषयी आहे. बंदूक कोणी चालवली याच्या हकिकती पुष्कळ आहेत. ती पुसत कोण होते, कशाने पुसत होते आणि का पुसावी लागत होती, हे मात्र बखरकारांनी सांगण्याजोगे मानले नाही.

सुरुवात दारूपासून करावी लागते. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. साधारणपणे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती पेटली की सगळीच वायू होऊन उडून जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपाने मागे उरतो. काही धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीच्या आतल्या अंगाला काळ्या लेपासारखा चिकटतो. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. संध्याकाळी कोरडी वाटणारी नळी सकाळी आतून घामेजलेली असते, आणि त्या घामाखाली लोखंड गंजू लागलेले असते. तेलाने हा लेप सुटत नाही. तो पाण्यात विरघळतो, शक्यतो गरम पाण्यात. पाणी ओतले की कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. गंधकाची ती शेवटची खूण. म्हणून काळी दारू वापरणाऱ्या जगातल्या प्रत्येक सैन्यात लढाईनंतरचे पहिले काम एकच होते. पाणी तापवायचे, नळी धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी होईपर्यंत ओढायची, आणि मग चरबीचा किंवा तेलाचा हात फिरवायचा.

आता १० ऑगस्ट १७६३ चा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पैठणच्या खाली, गोदेच्याच काठी, राक्षसभुवन. नदीला पूर. निजाम अली सैन्याचा मोठा भाग घेऊन उत्तर तीरावर उतरलेला, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर अडकलेला. मराठ्यांनी त्याच तुकडीवर घाव घातला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडून पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याची आणि राघोबादादाची ही लढाई शाळेच्या पुस्तकात असते. श्रावणातल्या गोदाकाठची हवा मात्र पुस्तकात नसते. अशा हवेत एकदा झाडलेली बंदूक रात्रभर तशीच ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या कानात, म्हणजे जिथून बत्तीची आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते त्या बारीक भोकात, राखेचा चिखल बसलेला असतो. कान बुजलेली बंदूक ही जड काठी आहे. तोफा निकामी करताना त्यांच्या कानात खिळे ठोकत असत. हयगयीने पुसलेल्या बंदुकीत तेच काम पाऊस आणि क्षार मिळून, शत्रूच्या मदतीशिवाय, उरकून टाकत.

हे काम ज्यांच्या हातचे, त्यांना मराठीत नाव आहे: शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे जिल्हई, चकाकी. त्याला फारसी ‘गर’ जोडून झाला सैकलगर, आणि दख्खनी तोंडांनी त्याचा शिकलगार केला. आडनाव म्हणून ते पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंत आजही नांदते. शस्त्राला धार लावणे, गंज उतरवणे, झिलई देणे हा या कारागिरांचा पिढीजात धंदा. त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे सहाणेचे चाक. कुरुंद दगड कुटून, त्याची भुकटी लाखेत कालवून हे चाक घडवत. एकाने दोरीने किंवा पट्ट्याने ते फिरवायचे, दुसऱ्याने पाते टेकवायचे. कुरुंद कठीणपणात हिऱ्याखालोखाल येतो, आणि युरोपीय भाषांतले त्याचे नाव याच भूमीतल्या शब्दावरून गेलेले आहे. जगभरच्या घासकामाला दख्खनच्या कुरुंदाने एक शब्द दिला, ही गोष्ट शिकलगारांच्या वाट्याला आलेल्या थोड्या मानांपैकी एक म्हणावी लागेल.

नळीचे काम पात्याच्या कामाहून वेगळे. पाते उघड्यावर असते. नळीच्या आत बोटही जात नाही. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने यावर एक लहानसे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पूर्वी एखाद्या दणकट माणसाला लोखंडी अवजारे घेऊन एकेका नळीपाशी बराच काळ झटावे लागे, असे तो सांगतो. मग अकबराने एक चक्र योजले. बैलाने फिरवायचे, आणि एका वेळी सोळा नळ्या साफ करायचे. या यंत्राचे नाव बरघू. शोधाचे श्रेय बादशहाला देणे हा दरबारी लेखकाचा धर्मच होता. बैलामागे चालणाऱ्या माणसाचे नाव अर्थातच त्यात नाही. तरी एक गोष्ट यावरून स्पष्ट होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल कारखान्यांत बंदुकांची संख्या एवढी वाढली होती की नळ्या साफ करणे हा यंत्र लावून सोडवण्याजोगा प्रश्न झाला होता. त्याच बंदुका पुढे अहमदनगरच्या निजामशाहीवर चालून आल्या, आणि मलिक अंबरच्या, औरंगजेबाच्या काळात हा सारा गोदाकाठ त्यांच्या धुराने भरला.

इंग्रजी कंपनीच्या पलटणींबरोबर पुसण्याचा आणखी एक प्रकार इथे आला, आणि तो आवश्यकतेपेक्षा हौसेचा होता. आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या राहिलेल्या पायदळाच्या हाती गुळगुळीत नळीच्या चकमकी बंदुका होत्या. कवायतीला ती नळी आरशासारखी दिसली पाहिजे, असा शिरस्ता. त्यासाठी विटेची भुकटी आणि तेल घेऊन शिपाई ती रोज घाशीत. घासता घासता नळ्या झिजून पातळ होत आणि काही तर त्यामुळेच धोकादायक बनत. शत्रूच्या गोळ्यांनी जेवढ्या बंदुका निकामी झाल्या नसतील तेवढ्या साहेबाच्या तपासणीने झाल्या, असे गमतीने म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी सैन्याने अखेर नळ्यांना मुद्दाम तपकिरी रंग चढवण्याची पद्धत पायदळातही आणली. मुद्दाम, नियंत्रित रीतीने गंज चढवायचा, तो घासून बसवायचा, पुन्हा चढवायचा. असे काही वेळा केले की एक घट्ट तपकिरी थर तयार होतो. तो उन्हात चमकत नाही आणि आतल्या लोखंडाला सांभाळतो. खंडेनवमीच्या दुपारी ‘गंज’ समजून खरवडला जातो तो अनेकदा हाच थर असतो.

१८५७ ची काडतुसे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांना चरबी का लागली होती, हे फारसे सांगितले जात नाही. नव्या एनफिल्ड बंदुकीच्या नळीत पेच कोरलेले होते. दारूची राख त्या खाचांत बसली की पुढची गोळी आत उतरेना. वंगणाने राख मऊ राहते आणि गोळी सरकते. म्हणजे त्या चरबीच्या मुळाशी नळी तुंबण्याचाच प्रश्न होता. औरंगाबादच्या छावणीत जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले, त्याचे कारण काडतूस नव्हते. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, या शंकेने शिपाई बिथरले होते. क्रांती चौकातील काला चबुतरा त्यांच्या शिक्षेची आठवण म्हणून उभा आहे.

बंड मोडल्यावर हत्यारांवर कायदा बसला, आणि इथे पैठणचा भूगोल फार मजेशीर होतो. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. गोदावरीच्या दक्षिणेला शेवगाव तालुका, म्हणजे अहमदनगर जिल्हा, म्हणजे मुंबई इलाखा: तिथे हा कायदा लागू. उत्तर तीरावर पैठण, म्हणजे निजामाचे राज्य: तिथे तो लागू नाही, तिथली रीत वेगळी, तिथे जहागीरदारांपाशी अरब आणि रोहिले शिपाई हत्यारांनिशी वावरत. जी बंदूक पैठणच्या घाटावर घरातली वस्तू होती ती नाव ओलांडून मुंगीच्या बाजूला उतरली की सरकारच्या लेखी चिजेची चोरटी आयात होत असे. हेच ते मुंगी, जिथे ६ मार्च १७२८ रोजी पहिल्या बाजीरावाने पालखेडच्या विजयानंतर निजामाकडून तह करून घेतला होता. दीडशे वर्षांनी तोच काठ हत्यारांच्या दोन कायद्यांमधली रेघ झाला.

या कायद्याने दक्षिण तीरावरच्या शिकलगारांचे काय केले असेल, हे समजायला फार कल्पना लागत नाही. ज्या गावात बंदुकाच राहिल्या नाहीत तिथे बंदूक पुसणारा काय करणार? हात तेच, सहाण तीच. समोर मात्र विळा, कुऱ्हाड, कात्री आणि अडकित्ता आला. कुलपे दुरुस्त करणे, कढया-बादल्यांना पत्रा मारणे अशी कामेही या समाजाने स्वीकारली. निजामी मुलखात जुने गिऱ्हाईक आणखी काही काळ टिकले. सप्टेंबर १९४८ मध्ये तेही संपले. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली, आणि रझाकारांच्या हातातली हत्यारे जमा होऊ लागली. घराघरांतल्या जुन्या बंदुका या काळात विहिरीत गेल्या, कडब्याच्या गंजीत गेल्या, माळ्यावर गेल्या. माळ्यावरच्या तेवढ्या वाचल्या.

विसाव्या शतकात पुसण्याचे शास्त्र बदलले, पण पाणी सुटले नाही. पोलिसांच्या आणि लष्कराच्या ज्या ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफली होत्या, त्यांच्या काडतुसांत धुराची काळी दारू नव्हती. तरी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत क्लोरेट असे, आणि त्यातून मिठासारखाच एक क्षार नळीत साचे. तेल लावून तो जात नाही. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतायचे, मग वजन बांधलेल्या दोरीने चिंधी ओढायची. दोरीच का? लोखंडी गज तोंडापाशी घासून घासून तिथले पेच झिजवतो आणि नेम बिघडतो, म्हणून. अतिसफाईने शस्त्र बिघडते, हा विटेच्या भुकटीचा धडा इथे पुन्हा गिरवला गेला.

आता वाड्यातल्या त्या बंदुकीकडे परतायला हरकत नाही. तिच्यावर नेमके काय काय असते? हिंदुस्थानी कारागिरांनी घडवलेल्या बऱ्याच चांगल्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींत सांधून केलेल्या असत. हिराकस लावला की त्या पिळांची नक्षी पाण्याच्या लाटांसारखी वर येई. तिला जौहर म्हणत. ही नक्षी पृष्ठभागावर नखभरही खोल नसते. घासकागदाचे दहा हात पुरतात. तीच गत सोन्या-चांदीच्या तारेने भरलेल्या कोफ्तगरीची, आणि नळीच्या मागच्या अंगाला बारीक छिन्नीने कोरलेल्या अक्षरांची. त्या अक्षरांत कधी मालकाचे नाव असते, कधी कारखान्याचा आकडा, कधी हिजरी सन. घराण्याच्या कागदपत्रांना वाळवी लागली, तर एवढी एकच नोंद उरलेली असते. ती वाचून घेण्याआधी पुसली जाणे, याला दुर्दैव म्हणावे की उत्साह, हे ठरवणे अवघड आहे.

चिंच आणि लिंबू आम्ल आहेत. पितळेच्या समईला ते चालतात, कारण समई दर महिन्याला पुन्हा घासली जाते. लोखंडावर त्यांचा अंश राहिला की आठवड्यात नारिंगी ठिपके दिसू लागतात. ओल्या हळदकुंकवाचेही तेच. तेलाच्या बाबतीत मराठवाड्याची एक खास अडचण आहे. घरात हाताशी असते करडईचे तेल, आणि करडईचे तेल हवेत सुकत जाऊन राळेसारखे चिकट होते. दोन-चार वर्षांत चाप, कळ, स्क्रू सगळे त्यात जखडून बसतात. त्यापेक्षा शिवणयंत्राचे पातळ तेल कितीतरी बरे. संग्रहालयांत ही कामे करणारे संधारक तर चकाकीच्या वाटेलाच जात नाहीत. ते कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ काढतात, सुटा झालेला ताजा गंज तेवढा हळुवार उचलतात, जुना घट्ट थर तसाच ठेवतात, आणि वर मेणाचा अत्यंत पातळ हात देतात. हातमोजे घालतात, कारण बोटांच्या घामात मीठ असते आणि लोखंडावर उमटलेला ठसा पुढे गंजाच्या रूपाने वर येतो. अशी बंदूक काळपट आणि थकलेली दिसते. ती तशीच दिसायला हवी.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. तोंडातून भरायच्या बंदुकीला पाहून ती भरलेली आहे की रिकामी हे कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शतकानुशतके निकामी होत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ठेवलेली अठराव्या शतकातील एका इंग्रज युद्धनौकेची तोफ जानेवारी २०१३ मध्ये गंज काढण्यासाठी उघडली, तेव्हा आत गोळा, बोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू निघाली. कित्येक वर्षे ती लोकांसमोर मांडलेली होती. पोलिसांना बोलवावे लागले. माळ्यावर घाईघाईने लपवलेल्या बंदुकीच्या बाबतीत हा धोका अधिकच धरून चालावा. जी लपवली ती रिकामी करून लपवली, असे गृहीत धरायला काहीच आधार नसतो.

परीक्षा सोपी आहे. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून एक सरळ लाकडी काठी आत हलकेच सोडायची, ती टेकेल तिथे नळीच्या तोंडाशी तिच्यावर खूण करायची. मग काठी बाहेर काढून तीच खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरच्या अंगाला धरायची. काठीचे टोक कानापर्यंत पोहोचले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे: उंदराचे घरटे असेल, मातीचे ढेकूळ असेल किंवा दारू आणि गोळी असेल. अशा वेळी ठोकणे, तापवणे, पाते घालून खरवडणे यांपैकी काहीही करायचे नाही. बंदूक जागेवर ठेवून पोलिसांना कळवायचे.

कायद्याचीही एक मेख आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट दिली आहे, पण अट अशी की ते हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. उत्साहाच्या भरात कोणी कळ नवी बसवली, कान मोकळा केला आणि चाप पुन्हा चालू केला, तर त्या सवलतीचा आधारच निसटू शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुराणवस्तूंविषयीचा कायदाही ध्यानात घ्यावा लागतो. अशा घरांना पैठणमध्येच एक शहाणा शेजारी आहे: बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय. घासकागद विकत आणण्यापूर्वी तिथे जाऊन एकदा विचारणे, हे पूजेच्या तयारीतच धरायला हवे.

गोदावरीच्या वाटेने खाली गेले की नांदेड लागते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा जिथे अंत झाला त्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये त्यांची शस्त्रे जपलेली आहेत, आणि त्यांत एक तोड्याची बंदूकही आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नदीवरून घागरींनी पाणी आणून तख्त धुतले जाते आणि शस्त्रेही स्वच्छ केली जातात. नांदेडात शिकलीगर शीखांची वस्ती आहे. शब्द तोच, कसब तेच. तिथे या कसबाला प्रतिष्ठा लाभली. पैठणच्या बाजूला ते अडकित्त्यावर उतरले.

फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते आणि दिंड्यांनी गाव फुलून जाते. अशा यात्रांत, आठवडी बाजारांत, सायकल उभी करून तिच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला अजून कधीमधी दिसतो. बाया कात्र्या, विळ्या घेऊन उभ्या असतात. तो पाते टेकवतो, ठिणग्या उडतात, अंगठ्यावर धार पाहतो आणि पुढची वस्तू मागतो.